बाटलीचं रॉकेट: पहिल्या दोन मीटरचा हिशोब

रामबागी | शुक्रवार, रात्री ९.१०

थंडीच्या सुट्ट्या जवळ आल्या की इंदुरात पाण्याच्या रॉकेटची विचारपूस सुरू होते. उत्तर बहुतेक एका ओळीत मिळतं: बाटली घ्या, पाणी भरा, पंप मारा. एवढ्यावर रॉकेट उडतं खरं, पण जाईल कुठे ते त्याचं त्यालाच ठाऊक. म्हणून हा धागा. आकडे मांडतो, चुकलं असेल तिथे कान धरा.

एकच रॉकेट धरून चालू. कोल्ड्रिंकची २ लिटरची बाटली, पंख आणि नाक धरून रिकामं वजन १५० ग्रॅम, पाणी ६०० मिली, पंपाच्या काट्यावर हवेचा दाब ६० पीएसआय, म्हणजे ४.१ बार. बाटलीच्या तोंडाचा आतला व्यास २१.७ मिमी, क्षेत्रफळ ३.७ चौरस सेंमी.

ताकद सगळी दाबलेल्या हवेत असते. पाणी हे फक्त मागे फेकायचं ओझं. नुसती हवा सोडली तर ती फार हलकी, तिच्या धक्क्याने रॉकेट जेमतेम झाडाएवढं उडेल. पाणी सुटण्याचा वेग काढायला २ × दाब ÷ घनता याचं वर्गमूळ घ्या: सेकंदाला २९ मीटर. रेटा म्हणजे २ × दाब × तोंडाचं क्षेत्रफळ: ३०० न्यूटन. भरलेलं रॉकेट ७५० ग्रॅमचं, वजन साडेसात न्यूटन. म्हणजे रेटा वजनाच्या चाळीसपट! उपग्रह नेणारी मोठी रॉकेटं जमीन सोडतात तेव्हा हे प्रमाण दीडपटीच्या आसपास असतं.

फक्त हे सगळं टिकतं किती? सुरुवातीला सेकंदाला साडेदहा किलो पाणी बाहेर पडतं, आपल्याकडे आहे ६०० ग्रॅम. पाणी जाईल तशी हवेला जागा मिळते आणि दाब ४.१ वरून २.१ बारपर्यंत उतरतो, तो धरूनही ७ शतांश सेकंदात बाटली रिकामी. पाणी सुटण्याचा सरासरी वेग २५ धरला, तर रशियन शास्त्रज्ञ त्सिओल्कोव्हस्कीच्या १९०३ च्या रॉकेट-सूत्राने २५ × ln(७५० ÷ १५०) = ४० मी/से (ln म्हणजे नैसर्गिक लॉगॅरिदम). उरलेली हवा फुस्सकन जाते तिचे ७-८ धरा. एकूण ४७.

एवढ्या वेळात रॉकेट दोन मीटरसुद्धा चढलेलं नसतं. पुढचा सगळा प्रवास भिरकावलेल्या दगडाचा. जे काही बरं-वाईट व्हायचं ते त्या दोन मीटरांत ठरतं, आणि लोक बघत असतात वर.

---

शंकासूर | रात्री ९.४२

तो २ कुठून आला? बाटलीला बूच असताना बुचावर दाब × क्षेत्रफळ एवढंच बळ असतं. बूच काढल्यावर रेटा तेवढाच हवा ना? फुकटात दुप्पट कोण देतं?

---

सायन्सबाई | रात्री १०.१५

शंका रास्त आहे, आणि परीक्षेत हमखास चुकणारी.

बूच असताना बाटलीच्या भिंतींवर सगळीकडे सारखा दाब असतो, बुचाची जागा तेवढी वेगळी. बूच काढलं की तोंडाजवळचं पाणी वेग घेतं. वेग वाढला तिथे दाब उतरतो. म्हणजे तोंडाच्या भोवतीचा जो निमुळता खांदा आहे, त्याच्यावरचा खाली ढकलणारा दाबही कमी होतो. वरच्या बाजूचा दाब मात्र जसाच्या तसा. असमतोल तोंडाच्या क्षेत्रफळापेक्षा मोठा झाला तो असा.

आकड्यात पाहायचं तर संवेगाने पाहा. दर सेकंदाला बाहेर जाणारं वस्तुमान = घनता × क्षेत्रफळ × वेग. त्याला पुन्हा वेगाने गुणलं की रेटा. वेगाचा वर्ग = २ × दाब ÷ घनता. घनता कटते, २ उरतो. बाटलीचा खांदा गुळगुळीत उतरता असल्यामुळे प्रत्यक्षातही आकडा फारसा घटत नाही. सपाट पत्र्याला भोक पाडून तोंड केलं असतं तर धार आकसली असती आणि बराच रेटा वाया गेला असता.

पाण्याच्या प्रमाणाचंही इथेच सांगते. बाटलीच्या ३० ते ३३ टक्के. मुलं हमखास अर्धी भरतात, कारण 'जास्त पेट्रोल, जास्त लांब' हे डोक्यात. पाणी हे पेट्रोल नव्हे. पाणी वाढवलं की हवेची जागा घटते, म्हणजे ताकद घटते, आणि उचलायचं ओझं वाढतं. शेवटचं पाणी तर दाब उतरल्यावर रडतखडत निघतं. उलट पावशेरच पाणी भरलं तर ते झटक्यात संपतं आणि बरीचशी हवा नुसतीच सुटून जाते.

---

शंकासूर | रात्री १०.३१

पटलं. आता उंची सांगा. ४७ च्या वेगाने ११२ मीटर यायला हवेत.

---

रामबागी | रात्री ११.०५

हवा नसती तर. २ लिटरची बाटली १०.८ सेंमी जाडीची, समोरचं क्षेत्रफळ ९२ चौरस सेंमी, विरोधाचा गुणांक ०.४ धरला. मग १५० ग्रॅमच्या या वस्तूला पडताना मिळू शकणारा कमाल वेग २७ मी/से निघतो. आपण सुटतोय ४७ ने, म्हणजे हवा वजनापेक्षा तिप्पट जोराने मागे ओढते. हिशोब ५२ मीटरवर थांबतो, सुमारे ३ सेकंदांत. अर्ध्याहून जास्त उंची हवेने खाल्ली.

खरी गंमत वजनाची आहे. हाच हिशोब रिकामं वजन बदलून केला:

१०० ग्रॅम: ५४ मीटर
१५० ग्रॅम: ५२ मीटर
२०० ग्रॅम: ५१ मीटर
३०० ग्रॅम: ४० मीटर

हलकं रॉकेट सुटतं जोरात, पण पिसासारखं लवकर थांबतं. जड सुटतं हळू, पण वेग धरून ठेवतं. १०० ते २०० ग्रॅममध्ये दोन्ही परिणाम जवळजवळ फिटतात. तेव्हा 'वजन कमी करा' म्हणून नाकात वजनासाठी भरलेली माती काढून टाकणारे तीन मीटरसाठी रॉकेट आडवं पाडतात. वजनाची कंजुषी करू नका, योग्य जागी खर्च करा.

---

सायन्सबाई | शनिवार, सकाळी ७.५०

योग्य जागा म्हणजे नाक. का ते लिहिते.

उडणारी वस्तू वळते ती स्वतःच्या गुरुत्वमध्याभोवती. वाऱ्याचं बळ जणू एका बिंदूत लागतं, तो दाबकेंद्र. दाबकेंद्र गुरुत्वमध्याच्या मागे असेल तर रॉकेट जरा कलताच वारा शेपूट ढकलून त्याला सरळ करतो. दाबकेंद्र पुढे असेल तर तोच वारा त्याला उलटं करतो. दोन बिंदूंत निदान एका व्यासाचं अंतर हवं, आपल्या बाटलीत ते जवळजवळ ११ सेंमी. दिवाळीच्या बाणाची काडी हेच काम करते: बारीक असली तरी लांब मागे गेलेली, त्यामुळे दाबकेंद्र गुरुत्वमध्यापेक्षा जास्त मागे ओढलं जातं. काडी मोडलेला बाण कुठल्या गच्चीत शिरतो ते सगळ्यांना माहीत आहे.

बाटलीत एक छुपी अडचण आहे. ती उलटी उडते, म्हणजे मागचा भाग १०.८ सेंमीवरून २.८ सेंमीपर्यंत निमुळता होतो. मागे निमुळतं होणारं अंग दाबकेंद्र पुढे सरकवतं. जेम्स बॅरोमन यांनी १९६० च्या दशकात मॉडेल रॉकेटांसाठी जी पद्धत दिली तिच्यात हा खांदा चक्क उणे चिन्हाने येतो, आणि नाकाने दिलेलं बळ जवळजवळ सगळं खाऊन टाकतो. राहतात फक्त पंख. म्हणून कागदी रॉकेटावरून प्रमाण काढून लावलेले चिमुकले पंख इथे पुरत नाहीत.

चालणारी एक मांडणी: दुसरी तशीच बाटली मधून कापून तिचा खांदा आणि १२ सेंमी नळकांडं पहिलीच्या बुडावर चढवायचं. हे नाक. एकूण लांबी ५५ सेंमी. टोकाच्या आत ७५ ग्रॅम प्लास्टिसिन (खेळायची माती). पंख ४, सनपॅक शीटचे (पोकळ प्लॅस्टिकचा पत्रा), अंगाला चिकटणारी कड १२ सेंमी, बाहेरची ८, बाहेर आलेले ९ सेंमी, आणि शक्य तितके मागे, खांद्यावरून खाली लोंबणारे. एकूण वजन १९० ग्रॅमच्या आसपास. बॅरोमनच्या पद्धतीने दाबकेंद्र नाकापासून ३६ सेंमीवर, गुरुत्वमध्य २६ वर. जवळजवळ एक व्यास जमला. हेच ३ पंखांनी केलं तर दाबकेंद्र ३२ वर येतं आणि फरक जेमतेम अर्ध्या व्यासाचा उरतो.

परीघ ३४ सेंमी येतो, कागदाची पट्टी गुंडाळून चार घड्या घालून खुणा करा. डोळ्याच्या अंदाजाने पंख लावू नका. एखादा ३ अंशांनी तिरका लागला तर रॉकेट भोवऱ्यासारखं फिरत जातं आणि उंचीची ताकद फिरण्यात घालवतं.

तपासायला: रिकामं रॉकेट गुरुत्वमध्याशी दोरीने बांधा, दोरी २ मीटर, दोरी टेपने पक्की करा, आणि डोक्यावरून गोल फिरवा. नाक पुढे ठेवून चाललं तर पास. आडवं किंवा शेपटीकडून चाललं तर २० ग्रॅम माती नाकात आणखी घाला, पुन्हा फिरवा.

---

दुसरा_चहा | सकाळी ८.३५

पण बाई, वजन खाली लटकवलं तर रॉकेट लंबकासारखं सरळ राहील असं बरेच जण सांगतात. एका व्हिडिओत तर बाटलीच्या खाली दोरीला नट बांधलाय.

---

सायन्सबाई | सकाळी ९.०२

त्या चुकीला मोठी परंपरा आहे! अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट गोडार्ड यांनी १६ मार्च १९२६ ला द्रव इंधनाचं पहिलं रॉकेट उडवलं, त्यात इंजिन वर आणि टाक्या खाली होत्या, ओढणारा घोडा पुढे असावा तशा. अडीच सेकंद उडालं, साडेबारा मीटर चढलं. इंजिन वर ठेवून स्थैर्य मिळत नाही हे कळल्यावर पुढे त्यांनी इंजिन खाली नेलं.

लंबक सरळ राहतो कारण त्याची खुंटी भिंतीत असते. रॉकेटची खुंटी रॉकेटमध्येच. रॉकेट कललं की रेट्याची दिशाही तेवढीच कलते, सरळ करणारं काही उरत नाही. गुरुत्वाकर्षण तर सगळ्या भागांना सारखंच ओढतं, ते वळवत नाही. वळवू शकते ती फक्त हवा. नट खाली बांधला म्हणजे गुरुत्वमध्य मागे नेला, म्हणजे उलटच केलं.

---

खरादी | सकाळी ११.२०

कागदावर झालं, आता लोखंडावर या. लाँचर, म्हणजे रॉकेट धरून सोडायचा सांगाडा, नीट नसेल तर वरचं सगळं फुकट.

नळी. हिच्यावर बाटली उलटी बसते, हिच्यातून हवा जाते. बाटलीचं तोंड आतून २१.७. अर्धा इंची जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप बाहेरून २१.३. देवाने जुळवलेली जोडी. अर्धा इंची यूपीव्हीसीही २१.३ च आहे, पण प्लॅस्टिकचा पाइप दाबातल्या हवेने फुटला तर तुकडे सुरीसारखे उडतात, तो पाण्यासाठी बनवलेला असतो. जीआय घ्या, सी क्लास, भिंत ३.२ मिमी. दुकानात अर्धा इंची सीपीव्हीसी देतील, तो बाहेरून १६ च्या आत, चालणार नाही.

ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारी रबरी कडी. रबराची जाडी २.६ मिमी. पाइपाला लेथवर २ मिमी खोल आणि साडेतीन मिमी रुंद खाच. म्हणजे रिंग बसल्यावर बाहेरून २२.५ होते आणि तोंडात ०.४ मिमी दबते. एवढा दाब पुरे. खाच दीडच मिमी ठेवली तर बाटली चढत नाही, अडीच केली तर फिसफिस. कडा पॉलिश पेपरने मोडा नाहीतर रिंग दुसऱ्या दिवशी कापली जाते. वरून साधं ग्रीस नको, रबर फुगतं. सिलिकॉन ग्रीस.

नळी ओ-रिंगच्या वर २५ सेंमी राहू द्या. तिचं टोक पाण्याच्या वर येतं, हवा बुडबुड्यांतून जात नाही आणि पाणी पंपाकडे उतरत नाही.

पकड. २०० × ४.८ चे केबल टाय १० ते १२, नळीभोवती उभे, डोकी वर, खाली होज क्लिपने आवळलेले. डोकी बाटलीच्या मानेच्या कडेवर अडकतात. त्यांच्यावरून सरकणारी कॉलर, ५ सेंमी उंच; ती खाली ओढली की डोकी मोकळी होतात आणि बाटली सुटते. दीड इंची पाइपातून निघते, पण आधी टाय बांधा, मग पाइप निवडा. ढिली वाटली तर डोक्यांवर टेपचा एक वेढा. कॉलरला दोन बाजूंनी दोरी, दोन्ही मिळून एक, १० मीटर. एकाच बाजूने ओढली तर कॉलर तिरकी होऊन अडकते. नवशिक्यांचं रॉकेट न सुटण्याचं हे पहिलं कारण.

हवा. ८ मिमीची एअर होज ५ मीटर, निदान १० बारची. दुसऱ्या टोकाला टी (तीन तोंडांचा जोड): एका तोंडाला एक इंची रिड्यूसर-कॅपमध्ये ट्यूबलेस टायरचा नटवाला व्हॉल्व, भोक बहुतेक ११.५ मिमी, दुसऱ्या तोंडाला बॉल व्हॉल्व. हा बॉल व्हॉल्व गाळू नका. रॉकेट अडकलं तर दुरूनच हवा सोडायला दुसरा मार्ग नाही. सायकलच्या जुन्या ट्यूबचा व्हॉल्व लावू नका, त्याचा रबरी वाल लगेच जातो.

बूड. ४ इंची अँगलची चौकट किंवा जाड फळी, जमिनीत दोन खिळे. सुटताना लाँचरलाही खाली धक्का बसतो. सगळं सामान सियागंज बाजारात एका फेरीत मिळतं, ओ-रिंगसाठी मात्र बाटलीचं तोंड सोबत कापून न्या.

---

शंकासूर | दुपारी १२.१०

खरादीभाऊ, २५ सेंमी नळीचा फायदा फक्त बुडबुड्यांपुरता नाही. बाटली नळीवरून सरकतेय तोवर पाणी बाहेर येतच नाही, नळीने तोंड भरलेलं आहे. तेवढं अंतर दाब × क्षेत्रफळ ढकलतो, म्हणजे १४५ न्यूटन (इथे तो २ नाही, बूचच आहे ते). १४५ × ०.२५ = ३६ जूल. ७५० ग्रॅमला ३६ जूल दिले की नळी सोडताना वेग साडेनऊ ते दहा मीटर, एक थेंबही न सांडता.

---

रामबागी | दुपारी १२.२५

हेच ते पहिले दोन मीटर. भरलेल्या रॉकेटमध्ये पाणी शेपटीकडे असतं, गुरुत्वमध्य मागे, म्हणजे तेव्हा ते अस्थिरच असतं, पंख कितीही मोठे असोत. नळी त्याला धरून ठेवते आणि सोडते तेव्हा पंखांवर काम करण्याइतकी हवा वाहत असते. उंचीतही ८-१० मीटरची भर पडते, ती वेगळी.

---

मालवा_वारा | दुपारी ३.४०

दहाच्या त्या वेगाला वाऱ्याशी ताडून पाहा. ताशी ९ किमी वारा म्हणजे अडीच मी/से. नळी सोडताना रॉकेटला हवा समोरून न येता १४ अंश तिरकी येते. ताशी १८ किमी असेल तर २६ अंश. पंख प्रामाणिक असतात, ते नाक वाऱ्याच्या दिशेला वळवतात. म्हणून रॉकेट वाऱ्यासोबत न जाता वाऱ्यावर चढून जातं, आणि लोक नेमके त्या बाजूला उभे असतात. पंख गरजेपेक्षा मोठे केले तर हा त्रास वाढतो, तेव्हा एका व्यासाच्या फरकावर समाधान माना.

इंदुरात वेळ निवडायची तर डिसेंबर-जानेवारीत सकाळी ७ ते ९. पठारावर दुपारी वारा उठतो. संक्रांतीच्या आठवड्यात नको, आकाशात मांजा असतो. विमानतळ पश्चिमेला बिजासनकडे आहे, त्या बाजूची मैदानं सोडा.

आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहोत, हवा किनाऱ्यापेक्षा ५ टक्के विरळ. थंडीत सकाळी १० अंशांना घनमीटरला १.१७ किलो, मे महिन्यात ४० अंशांना १.०६. उन्हाळ्यात अडीच मीटर उंची फुकट मिळते. पण त्यासाठी मे महिन्यात उडवू नका, उन्हात तापलेली बाटली मऊ पडते. त्या अडीच मीटरांना काही अर्थ नाही.

मैदान निदान १०० × १०० मीटर, मधोमध लाँचर. नळी सरळ उभी, फार तर ५ अंश वाऱ्याकडे आणि माणसांपासून दूर झुकवलेली.

---

दुसरा_चहा | दुपारी ४.१५

एवढा खटाटोप करण्यापेक्षा बाजारच्या बाणांची दारू काढून मोटर (रॉकेट ढकलणारं दारूचं नळकांडं) बनवली तर? परदेशात दारूच्या तयार मोटरा मिळतातच की.

---

खरादी | दुपारी ४.२१

नको. हात एकच जोडी येतात.

---

रामबागी | दुपारी ४.५०

खरादींनी थोडक्यात सांगितलं, मी जरा लांबवतो. परवान्याशिवाय स्फोटक द्रव्य बनवणं हा १८८४ च्या स्फोटक कायद्याखाली आणि २००८ च्या नियमांखाली गुन्हा आहे. फटाका फोडून दारू काढणं, साखर-सोऱ्याचं मिश्रण शिजवणं, हे सगळं त्यातच. कारखान्यातल्या मोटरेत दारू ठरावीक घनतेने दाबलेली असते. हाताने ठासलेल्या दारूत भेग राहिली की जळणारा पृष्ठभाग एकदम वाढतो, दाब वाढतो, आणि मोटरेचा बॉम्ब होतो. कृती विचारणारे प्रतिसाद या धाग्यावर नकोत.

तयार मोटरेचं गणित मात्र समजून घेण्यासारखं आहे. तिच्यावर 'ए८-३' असं लिहिलेलं असतं. अक्षर म्हणजे एकूण आवेग (रेटा × वेळ): ए २.५ न्यूटन-सेकंदांपर्यंत, बी ५, सी १०, डी २०, दर अक्षराला दुप्पट. ८ म्हणजे सरासरी रेटा न्यूटनमध्ये. ३ म्हणजे जळून झाल्यावर पॅराशूट उडेपर्यंतचे सेकंद. आपल्या बाटलीचं पाणी सुमारे १५ न्यूटन-सेकंद देतं, म्हणजे ती डी वर्गात बसते. फरक एवढाच की दारूची मोटर तेच काम सेकंद-दोन सेकंदांत करते, म्हणून तिला ९० सेंमीच्या सळीवरून सोडतात आणि सरासरी रेटा वजनाच्या पाचपट तरी हवा असं मानतात. बाटलीला रेट्याची कमतरता कधीच नसते.

---

सायन्सबाई | संध्याकाळी ६.०५

सुरक्षेचा आकडाही सांगून ठेवते. ६० पीएसआयच्या १.४ लिटर हवेत साधारण ३५० जूल साठलेले असतात. एक किलोचं वजन ३५ मीटरवरून पडण्याएवढे.

म्हणून बाटली आधी पाण्याने तपासायची. काठोकाठ पाणी भरा, हवा उरू देऊ नका, आणि ९० पीएसआयपर्यंत नेऊन मिनिटभर ठेवा. पाणी दबत नाही, त्यामुळे फुटली तरी नुसती चिरफाळते, हवेसारखी उडत नाही. बाटली फुगलेली, पांढरट पडलेली किंवा तळाशी चरा असलेली दिसली तर टाकून द्या. नवी बाटली १० बारपर्यंत सहसा तग धरते, पण आपण ४.१ च्या पुढे जायचं नाही. १० उड्डाणांनंतर बाटली बदला, ती स्वस्त आहे.

गोंद: ग्लू गनचा गरम गोंद बाटलीला आकसवतो, सुपरग्लूने प्लॅस्टिक ठिसूळ होतं. दोन्हीकडून चिकटणारा फोमटेप आणि वरून पारदर्शक टेप पुरतो. चिकटण्यासाठी पॉलिश पेपर मारू नका, प्रत्येक ओरखडा ही पुढची चीर.

पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर नको. काटा पाहीपर्यंत दाब दुप्पट होतो. काट्याचा हातपंप, १६ ते २० दट्टे. पंप मारणारा ५ मीटरवर, चष्मा लावून, बाकी सगळे १५ मीटरच्या बाहेर.

---

शंकासूर | संध्याकाळी ६.४०

आणि खाली येताना? पॅराशूट नसेल तर हिशोबाने ते २३ मी/सेने येतं, ताशी ८० किमीच्या वर. वजन सीझन बॉलएवढं किंवा त्याहून जास्त.

---

रामबागी | संध्याकाळी ७.१५

म्हणून टोकावर स्पंजचा अर्धा चेंडू हवाच, पॅराशूट असो वा नसो.

पॅराशूट करायचं तर कचऱ्याच्या काळ्या पिशवीतून ४८ ते ५० सेंमी व्यासाचं, ८ दोऱ्या, प्रत्येक निदान तेवढ्याच लांबीची. १५० ग्रॅम साडेचार मी/सेने उतरतं. १९० चं असेल तर ५५ सेंमी घ्या. ५० मीटरवरून ११ सेकंद लागतात, ताशी १० किमीच्या वाऱ्यात तेवढ्यात ३० मीटर वाहत जातं. मैदान १०० मीटरचं हवं ते यासाठी.

उघडायची युक्ती ही खरी डोकेदुखी. नाक सैल ठेवून 'वर पोचल्यावर आपोआप पडेल' हा भरवसा निम्म्या वेळा फसतो, कारण वर पोचताना रॉकेट अजून वाऱ्याच्या दिशेला नाक करून असतं आणि हवा नाकाला दाबून ठेवते. नाक फार सैल केलं तर नळी सोडल्यावर रेटा संपताच, जिथे हवेची ओढ सर्वात जास्त, तिथेच निघतं. नाक आणि अंग यांच्यात एक कमकुवत स्प्रिंग किंवा फोमचा तुकडा ठेवला तर बरं चालतं. पिशवीला टाल्कम पावडर लावा, नाहीतर ती घडीत चिकटते.

---

मालवा_वारा | रात्री ८.३०

उंची मोजायची तर कंपासपेटीतला कोनमापक, दोऱ्याला नट, आणि पाहायला स्ट्रॉ. लाँचरपासून ५० मीटर मोजून उभे राहा. कोनाचा टॅन्जंट × ५० + डोळ्याची उंची. ४५ अंश आला तर साडेएकावन्न. २ अंशांची चूक झाली तर साडेतीन मीटर इकडे-तिकडे. जवळ, १८ मीटरवर उभे राहिलात तर कोन ७० येतो आणि तीच चूक साडेपाच मीटरची होते. दोघांनी समोरासमोर उभं राहून सरासरी घेतली की वाऱ्याने कललेलं उड्डाणही बऱ्यापैकी मोजता येतं.

---

दुसरा_चहा | रविवार, सकाळी १०.०५

लाँचर झालाय. पण ४० पीएसआयनंतर काटा चढतच नाही. साबणाच्या पाण्याने होज, टी, व्हॉल्व सगळं पाहिलं, कुठे फेस नाही. बाटलीच्या तोंडातून थेंब थेंब पाणी येतंय.

---

खरादी | सकाळी १०.१८

ओ-रिंगवरून गळतंय. खाच किती झाली मोजा. व्हर्नियरने खाचेच्या तळाचा व्यास, १७.३ यायला हवा.

---

दुसरा_चहा | सकाळी ११.४०

१६.६.

---

खरादी | सकाळी ११.४४

फार गेली. नवीन पाइप नको. खाचेत टेफलॉन टेपचे वेढे घाला, ताणून, १७.३ होईपर्यंत. वर रिंग, ग्रीस. आधी ३० ला थांबून पाहा, मग ६०.

---

दुसरा_चहा | दुपारी १.१०

६० ला दहा मिनिटं थांबलं. काटा हलला नाही.